पोर्ट्रेट काढणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि पुण्यातल्या फोटोवाल्यांची उत्तरं

रविवारी सकाळी कधी टेकडीवर, कधी पेठेत कॅमेरे घेऊन भेटणारा आमचा गट आहे. नवीन माणूस आला की पहिल्या चहालाच तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. गटात लग्नाचे फोटो काढणारे आहेत, स्टुडिओवाले आहेत, आयटीतली नोकरी सांभाळून हौस भागवणारेही आहेत. त्यामुळे सगळ्यांवर एकमत नाही. जिथे वाद आहे तिथे तसं सांगितलं आहे. इथे फक्त पोर्ट्रेट, म्हणजे माणसांचे फोटो. पक्षी, वाघ आणि आकाशगंगा यांच्याबद्दल इथे काही मिळणार नाही.

बजेट साठ हजार आहे. कोणता कॅमेरा घेऊ?

सगळे साठ हजार बॉडीवर (लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यावर) घालू नका, बाकी काहीही करा. पोर्ट्रेटसाठी आधी लेन्स, मग लाइट आणि उरलेल्या पैशांत बॉडी. दुकानात बरोबर उलट्या क्रमानं विकतात.

सेकंडहँड क्रॉप सेन्सर (३५ एमएम फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर, त्यावर ५० एमएम एफ/१.८ लेन्स (एमएमचा आकडा मोठा तर दृश्य अरुंद, एफचा आकडा लहान तर उजेड जास्त आणि फोकसची जागा कमी), एक साधा फ्लॅश, ट्रिगर (लांबचा फ्लॅश पेटवणारं यंत्र), स्टँड आणि उजेड पसरवणारी पांढरी छत्री एवढ्यात घरगुती पोर्ट्रेटपासून छोट्या साखरपुड्यापर्यंत सगळं होतं. नव्या मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) खरा फायदा म्हणजे डोळ्यांवर आपोआप बसणारा फोकस. एफ/१.८ वर जवळून फोटो काढताना पापणीवर फोकस बसला आणि बुबुळ सुटलं तर फोटो गेला. तिथे हे तंत्र खरंच वाचवतं, लहान मुलांच्या फोटोंत तर फारच. पण समोरचा माणूस खुर्चीत शांत बसणार असेल, तर जुन्या बॉडीचा मधला फोकस पॉइंटही पुरतो.

५० एमएमची लेन्स घेऊ की ८५ ची?

आधी टेप घेऊन घरातला हॉल मोजा. क्रॉप सेन्सरवर उभ्या फ्रेममध्ये कमरेपासून वर, म्हणजे साधारण एक मीटर उंचीचं चित्र हवं असेल, तर ५० एमएमला सुमारे सात फूट अंतर लागतं आणि ८५ ला बारा फूट. शिवाय माणसामागे भिंतीपासून तीन-चार फूट जागा सोडायची आणि तुमची पाठ टेकायला जागा हवी. कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये ८५ लावून उभं राहिलात तर स्वयंपाकघरातून फोटो काढावा लागेल. (आमच्यातले काही जण काढतातही.) बाहेर, बागेत, कॉलेजच्या आवारात मात्र ८५ ला तोड नाही.

नाक मोठं आणि कान गायब असा चेहरा दिसतो त्याला लेन्सचा आकडा जबाबदार नसतो. तुम्ही फार जवळ गेलेले असता. मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत साधारण २४-२६ एमएमचा असतो, म्हणून चेहरा फ्रेमभर घ्यायला आपण नकळत नाकाशी जाऊन भिडतो. पाच-सहा फूट मागे या, २एक्स झूम करा, चेहरा ताळ्यावर येतो.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून निघा. धुळीचे चार कण चालतात. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो निघालेत तो आकडा, विचारा. निकॉनच्या फोटोतच तो नोंदलेला असतो, कॅननच्या बऱ्याच बॉडींना वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आता दोन खड्डे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकस मोटर नसते. स्वस्त मिळते म्हणून जुनी ५० एमएम एफ/१.८ डी घेतली, तर ती लागेल, फोटोही काढेल, पण ऑटोफोकस होणार नाही. त्या बॉडींना आतच मोटर असलेली, एएफ-एससारखी लेन्स हवी. दुसरा खड्डा कॅननचा. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या हॉट शूवर (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नाही. दुसऱ्या कंपन्यांचे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर त्या एका पिनवरच चालतात, त्यामुळे या बॉडींवर ते पेटतच नाहीत. फ्लॅश घेण्याचा विचार असेल तर बॉडी हातात घेऊन वरून बघा. सेटिंगनं सुटणारी ही अडचण नाही.

पहिला फ्लॅश घेतला, पण फोटो पासपोर्टसारखे येतात.

फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवून सरळ तोंडावर मारताय. तो खाली उतरवा, ट्रिगर लावा, छत्रीत घाला. माणसाच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांच्या थोडा वर. नाकाची सावली गालाकडे खाली सरकते, डोळ्यांत एक चमक येते, चेहऱ्याला उठाव येतो. सावली पुढे जाऊन गालाच्या सावलीला मिळाली आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरला की त्याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात.

छत्री किती जवळ ठेवायची हे पॉवरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. लाइट जितका जवळ तितका तो चेहऱ्याच्या मानानं मोठा, आणि मोठा लाइट म्हणजे मऊ सावली. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. छत्रीपासून चेहरा तीन फुटांवर आणि मागची भिंत नऊ फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याइतकाच उजेड पडतो. पांढरी भिंत फोटोत गडद करड्या रंगाची दिसते. वेगळा बॅकड्रॉप विकत घ्यायची गरज नाही. हे एकदा घरी करून बघितलं की पुढचे सहा महिने सामान घ्यायची इच्छा होत नाही.

फोटोत आडवा काळा पट्टा येत असेल तर शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या) वर गेलंय. बहुतेक बॉडींना ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० सेकंद असते.

फ्लॅश नाहीच. मग?

खिडकी. थेट ऊन येत नसलेली खिडकी, माणूस तिच्या कडेला, घरातले सगळे दिवे बंद. दिवे बंद करायला लोक का घाबरतात कळत नाही. पिवळा बल्ब ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तर पिवळट, मोठा तर निळसर) आसपास आणि खिडकीतला उजेड ५५०० च्या पुढे, दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल नारिंगी आणि अर्धा निळा होतो, आणि तो एडिटिंगमध्ये धड निघत नाही. सावलीच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. सावली जास्त गडद हवी असेल तर त्याच जागी काळी छत्री किंवा घोंगडी धरा. पांढऱ्या भिंतींच्या छोट्या खोलीत हे दुसरं काम अधिक वेळा लागतं.

बाहेर असाल तर झाडाखाली उभं करण्याआधी वर बघा. पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर आले तर कोणी वाचवू शकत नाही, आणि हिरवळीवरून उसळलेला हिरवा रंग हनुवटीखाली जाऊन बसतो. त्यापेक्षा वाड्याचा दिंडी दरवाजा, देवळाची ओसरी किंवा सोसायटीच्या पार्किंगचं तोंड बघा. वर छप्पर आणि समोर मोकळं आकाश एवढंच पाहिजे.

सावळा चेहरा फोटोत राखाडी, मेणचट किंवा लालसर का येतो?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांबलं तरी वाचा.

कॅमेऱ्याच्या मीटरला चेहरा कळत नाही, फक्त उजेड कळतो, आणि समोर जे असेल ते सरासरी मध्यम करड्यावर आणायचं हे त्याचं काम. नवरदेवाची शेरवानी पांढरी असेल तर मीटर म्हणतो उजेड जास्त झाला, आणि एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) खाली ओढतो. चेहरा काळवंडतो. मग एडिटिंगमध्ये शॅडो वर खेचल्या जातात आणि त्यांच्याबरोबर नॉइज (दाणे) आणि राखाडीपणाही वर येतो. चेहरा राखाडी होण्याचं कारण त्वचेत नसून हे आहे. नेव्ही ब्लू कुर्ता आणि काळा पडदा असेल तर उलट घडतं: कपाळ जळून पांढरं होतं.

म्हणून एक्स्पोजर चेहऱ्याचं घ्या. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) गालावर ठेवा. गडद त्वचेला मीटर मध्यम करडी करू पाहील, तेव्हा सुमारे एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. गोऱ्या त्वचेला तितकंच वाढवा. वधू-वरांच्या रंगात फरक असेल तर लाइट थोडा गडद चेहऱ्याच्या बाजूला सरकवा. हे तिथल्या तिथे दहा सेकंदांत होतं, नंतर मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) करायला दहा मिनिटं जातात. मॅन्युअल मोडवर असाल तर पहिला फोटो बरोबर आला की आकडे हलवू नका. चेहरा तोच आहे, लाइट तोच आहे, कपडे बदलले म्हणून एक्स्पोजर बदलायचं कारण नाही.

सावळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावरच्या चमकेत असतं: गालाचं हाड, नाकाचा कणा, कपाळाची कड. ती चमक मोठ्या, बाजूनं येणाऱ्या लाइटमध्ये सुंदर उमटते. छोट्या उघड्या फ्लॅशमध्ये तीच घामाचे पांढरे डाग होऊन दिसते. टिश्यू पेपर खिशात ठेवा, तो चाळीस हजारांच्या लेन्सपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतो.

गिऱ्हाईक म्हणतं, “जरा गोरं करून द्या.” काय करायचं?

इथे गटात भांडण आहे. काही जण म्हणतात पैसे त्यांचे, मर्जी त्यांची. हे उत्तर लिहिणाऱ्याचं मत वेगळं आहे. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) वर नेला की त्वचा फिकी पडते हे खरं, पण त्याच पट्ट्यात मेंदी असते, सोनं असतं, शिसवी चौरंग असतो. सगळंच पाणी घातल्यासारखं होतं. आईनं हौसेनं केलेली ठुशी पितळी दिसायला लागते. आणि मुलगी आपलाच अल्बम उघडते तेव्हा तिला दुसरीच कोणी दिसते.

बहुतेकांना खरं तर उजळ फोटो हवा असतो, पण तोंडात शब्द गोऱ्याचा येतो. सगळ्या फ्रेमचं एक्स्पोजर पाव-अर्धा स्टॉप वाढवा, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) नीट करा, डोळ्यांखालची सावली हलकी करा आणि दाखवा. बोलणं तिथेच थांबतं. नाही थांबलं तर निर्णय तुमचा.

हळदीच्या फोटोंत सगळेच कावीळ झाल्यासारखे दिसतात.

पिवळा मांडव, पिवळे कपडे, अंगाला हळद. ऑटो व्हाइट बॅलन्स बिचारा गोंधळतो आणि एका फोटोत निळा, दुसऱ्यात पिवळा असा झुलत राहतो. ऑटो बंद करा. दिवसा उघड्यावर असाल तर ५२००-५५०० केल्विनवर फिक्स करा. मांडवाचं कापड पिवळं असेल तर उजेडच पिवळा आहे, तेव्हा कार्यक्रमाआधी त्याच जागी ग्रे कार्डचा (रंग जुळवायच्या करड्या कार्डाचा) फोटो घेऊन ठेवा. एडिटिंगमध्ये फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, नारिंगीला हात लावू नका. लेन्सवर यूव्ही फिल्टर लावा. करवल्या कॅमेऱ्याची गय करत नाहीत.

एडिटिंगसाठी लाइटरूमच हवं का? फुकट काही चालेल?

चालेल. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ त्या त्या कॅमेऱ्याच्या मालकांना फुकट मिळतं, आणि कंपनीचे त्वचेचे रंग तिथे जसेच्या तसे येतात. रंगांची तक्रार असेल तर आधी तिथे उघडून बघा. डार्कटेबल आणि रॉथेरपी पूर्ण फुकट आहेत, ताकदवानही आहेत, पण डार्कटेबलशी मैत्री व्हायला वेळ लागतो. रिटचिंगला गिंप आहे, मोबाइलवर स्नॅपसीड.

पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढणार असाल तर लाइटरूम क्लासिकला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. दोन हजार फोटोंतून निवड, एकसारखा रंग आणि माणसं ओळखून आपोआप मास्क, हे सगळं तिथे एकत्र आहे. स्टुडिओत केबल लावून थेट लॅपटॉपवर फोटो बघत काम करणारे कॅप्चर वनची शपथ घेतात. क्रॅक केलेली आवृत्ती मात्र नको. नैतिकता बाजूला ठेवली तरी लोकांच्या लग्नाचे फोटो असलेल्या मशीनवर कुठलीशी फाइल चालवणं हा वेडेपणा आहे.

लाइटरूममध्ये फोल्डरवर प्रश्नचिन्ह किंवा फोटोंवर उद्गारचिन्ह आलं म्हणून घाबरून फोन येतात. फोटो गेलेले नसतात. तुम्ही फोल्डर बाहेरून हलवलंय आणि कॅटलॉगला (लाइटरूमच्या यादीला) नवा पत्ता माहीत नाही. फोटोवरच्या उद्गारचिन्हावर क्लिक करून पत्ता द्या, आणि पुढच्या वेळी फोल्डर लाइटरूमच्या आतूनच हलवा.

रॉ की जेपेग?

रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. त्वचेचा रंग सुधारताना या पायऱ्या लागतात.

प्रिसेट (एडिटिंगची तयार सेटिंग) विकत घेऊ का?

युरोपातल्या ढगाळ उजेडात, गोऱ्या त्वचेवर बनवलेले प्रिसेट आपल्या दुपारी दोनच्या उन्हातल्या नऊवारीवर टाकले की शालू विटकरी आणि माणसं काविळीची होतात. शिकायला म्हणून एखादा घ्या, उघडून बघा त्यानं कुठले स्लायडर हलवलेत, आणि मग स्वतःचा करा.

त्वचा किती साफ करायची?

पंधरा दिवसांत जाणारी गोष्ट काढा, जन्माची गोष्ट ठेवा. पुटकुळी, कापल्याची ताजी जखम, डास चावल्याची गांधी जाऊ दे. तीळ, खळी, लहानपणची खूण राहू दे, त्या माणसानं स्वतः सांगितलं नसेल तर. आजीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण तर कधीच नाही. आपोआप स्किन साफ करणारी साधनं त्याला डाग समजतात, चंद्रकोरीची कड बोथट करतात, नथीचा मोती गालात मिसळवतात. असं साधन वापरलंत तर नंतर फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून या जागा तपासा. ब्लर करून त्वचा गुळगुळीत करण्यापेक्षा डॉज अँड बर्न (हव्या त्या जागा हातानं उजळ-गडद करणं) शिका. त्यात छिद्रं तशीच राहतात, फक्त उजेड-सावलीचे खड्डे भरतात.

चष्म्यात लाइट दिसतो.

लाइट आणखी वर आणि बाजूला न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचला म्हणजे काचा खाली झुकतील. काचा काढलेली फ्रेम वापरायचा सल्ला ऐकू नका, नंबरचा चष्मा लावणाऱ्याचे डोळे त्यात वेगळेच दिसतात.

कॅमेरा बघितला की माणसं ताठ होतात. काय बोलू?

“हसा” म्हणू नका. काम सांगा. पदर नीट करायला सांगा, बाही दुमडायला सांगा, खिडकीबाहेर कोण आलंय ते बघायला सांगा. हाताला काम मिळालं की चेहरा सुटतो. खांदे कॅमेऱ्यापासून थोडे वळलेले, वजन मागच्या पायावर, हनुवटी आधी पुढे आणि मग किंचित खाली. शेवटचं सांगून कळत नाही, स्वतः करून दाखवा. तुम्ही कासवासारखे दिसता आणि समोरचा हसतो. तो फोटो घ्या.

मोठ्या माणसांना उभं करून ठेवू नका. “आजोबा, तुम्ही बसा, मी लाइट लावतो,” म्हणा आणि त्या वेळात नोकरी कुठे होती, गाव कोणतं हे विचारा. गावाचं नाव निघालं की आजोबा कॅमेरा विसरतात. आणि लाइट माणूस यायच्या आधी तुमच्याच कोणाला तरी बसवून तपासलेला असू दे. आजोबांना बसवून मॅन्युअल वाचत बसणारे पाहिलेत आम्ही.

पुण्यात बाहेर कुठे काढायचे? परवानगी लागते का?

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दरवाजासमोर जवळपास दिवसभर सावली आणि वर मोकळं आकाश, म्हणजे पोर्ट्रेटला हवा तसा उजेड. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र भर दुपारी सूर्य पुण्याच्या थोडा उत्तरेला असतो, तेव्हा तिथे ऊन पडतं. पाताळेश्वर आठव्या शतकातलं, काळ्या कातळात कोरलेलं. काळा दगड उजेड परत टाकत नाही, म्हणून आतले फोटो गडद आणि ठसठशीत येतात. रिफ्लेक्टरशिवाय (उजेड परतवणाऱ्या पांढऱ्या शीटशिवाय) गेलात तर डोळे खड्ड्यात जातील. दोन्ही वास्तू पुरातत्त्व खात्याकडे आहेत. ट्रायपॉड, स्टँड, व्यावसायिक शूटिंग असेल तर आधी परवानगी घ्या. पाताळेश्वर चालतं देऊळ आहे हेही लक्षात असू द्या. आगाखान पॅलेसच्या आवारात कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत. तिथे प्री-वेडिंग करावं का, हे परवानगीच्या आधी स्वतःलाच विचारा.

कसब्यातली तांबट आळी सुंदर आहे, पण ती लोकांची कामाची जागा आहे. आधी बोला, चार भांडी बघा, मग विचारा. नाही म्हणाले तर नाही. पालखीच्या मुक्कामात भवानी पेठ, नाना पेठेत हेच लागू. वारकरी माउली म्हणून हाक मारतात, तुम्हीही मारा. दमून झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नका.

पावसाळ्यात लेन्स कशी जपायची?

कपाटात, लेदरच्या बॅगेत अजिबात नको. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटं हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. सिंहगडावरून भिजून आलात तर पुसून, वाळवून मगच डब्यात. आणि वापरत राहा. पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी आधी धरते.

स्क्रीनवर छान दिसतं, अल्बममध्ये काळं येतं.

तुमच्या लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वर आहे. तो निम्म्याच्या आसपास आणा, ट्यूबलाइटच्या उजेडात कोऱ्या कागदाशेजारी ठेवून जुळवा, जमलं तर मॉनिटर कॅलिब्रेट करा. लॅबनं वेगळं सांगितलं नसेल तर फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). १२ बाय ३६ इंचांच्या पानाला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होतात. सगळा अल्बम टाकण्याआधी दोन-चार फोटोंची छोटी प्रिंट काढून घ्या. पानाच्या मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका.

लग्नाचे फोटो मी काढले, म्हणजे कॉपीराइट माझा ना?

नाही, आणि हे ऐकून बहुतेक जण चहा सांडतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे गिऱ्हाईक. पैसे न घेता, स्वतःच्या मनानं काढलेले फोटो तुमचे. नोकरीचा भाग म्हणून काढलेले मालकाचे.

उपाय सोपा आहे. कोटेशनमध्येच लिहा की कॉपीराइट कोणाकडे राहील, पोर्टफोलिओत, इन्स्टाग्रामवर, प्रदर्शनात कोणते फोटो वापरता येतील, आणि रॉ फाइल्स दिल्या जाणार की नाही. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. “आपलेच लोक आहेत, लिहायचं कशाला” असं वाटेल, पण वाद आपल्याच लोकांशी होतात. मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाकडून मसुदा तपासून घ्या, आम्ही फोटोवाले आहोत. लहान मुलांचे फोटो मात्र करार असला तरी आईवडिलांना पुन्हा विचारल्याशिवाय टाकू नका.

बॅकअप किती ठेवायचे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. दोन स्लॉटची बॉडी असेल तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहा. तिन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुसरं लग्न असलं तरी. त्यासाठी जास्तीची कार्डं घ्या. ती बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, नकली कार्डांचा बाजार मोठा आहे.